मागच्या सीटवरची क्लचबाई

तिला क्लचबाई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण का ठेवलं ते तिच्या गाडीत एकदा बसलेलं कुणीही सांगेल. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून ती अशा काही आवाजात ‘क्लच!’ म्हणायची, की रस्त्याकडेला उभ्या असलेल्यांचाही डावा पाय दाबला जायचा. तिचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, एक फळा आणि दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली जुनी गाडी. शेजारच्या गाळ्यात नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो इतका मवाळ, की गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगतानाही त्याला अपराध्यासारखं वाटे. ही मात्र कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

एका दुपारी फळ्यावर चौक काढून ती आधी कुणी जायचं ते समजावत होती, तेव्हा तिचा उजवा हात आपोआप उडायला लागला. खडू पडला आणि पाठोपाठ तीही पडली. तपासण्या झाल्या. मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली. कर्करोगाची नव्हती, पण मेंदूवर दाब देत होती. ऑपरेशन झालं, गाठ नीट निघाली. टाके ओले असतानाच तिने डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला, “गाडी कधी चालवू?”

“इतक्यात गाडीचं नाव काढू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. गाठ गेली, पण ती जिथे बसली होती तिथला मेंदू अजून दुखावलेला आहे, त्यामुळे झटका पुन्हा येऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. गोळी सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. झोप पुरती घ्यायची. गाडी नाही, शिडी नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही. क्लचबाईने मान हलवली खरी, पण प्रत्येक ‘नाही’ तिला चापट मारल्यासारखा लागला.

घरी आल्यावर नवऱ्याने मुकाट्याने न्हाणीघराची कडी काढून टाकली. मोठी नणंद मदतीला म्हणून राहायला आली. मनाने सोन्यासारखी बाई, पण तिने घर ताब्यातच घेतलं. भावजयीच्या हातातली सुरी काढून घ्यायची, ती जिन्याकडे वळली की मागे धावायची आणि कुणी विचारपूस करायला आलं, की हळूच सांगायची, डोकेदुखीचं काहीतरी होतं, झालं आता. ‘फिट’ हा शब्द घरात कुणी तोंडातून काढायचा नाही, असा तिचा दंडक. त्यात गोळीने क्लचबाईला दिवसभर सुस्ती यायची आणि उगाचच्या उगाच चीड यायची. महिना बरा गेला. मग तिने मनाशी ठरवलं की बास झालं. गोळी हातात घ्यायची, पाण्याचा घोट घ्यायचा आणि पाठ वळली की गोळी खिडकीबाहेर. कुणाला पत्ता लागला नाही. आपण सगळ्यांवर मात केली असं वाटून ती त्या दिवसांत फार खुशीत होती.

ही खुशी एका सकाळी ओट्यापाशी संपली. ती कोसळली, अंग ताठ झालं, हातपाय झडायला लागले. दात जिभेवर बसू नयेत म्हणून घाबरलेल्या नवऱ्याने तिच्या तोंडात चमचा कोंबला. झटका आपला आपण थांबला, पण तिचा पुढचा दात तुटला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? क्लचबाईने आधी हो म्हटलं. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने खरं ते सांगून टाकलं. आता बोलणी खायला लागणार म्हणून ती कंबर कसूनच बसली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.

“गोळीने त्रास होत असेल तर इथे येऊन माझ्याशी भांडा,” त्या म्हणाल्या. “मी गोळी बदलेन, कमी-जास्त करेन. पण परस्पर बंद करायची नाही. तसं केलं, की झटका मोकाटच सुटतो.”

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. तोंडात कधीही काही घालायचं नाही. आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. नवरा ऐकत होता आणि चष्मा पुसत होता. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होता. परतताना तो एवढंच म्हणाला, “मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं गं.”

हे वाक्य तिला तुटलेल्या दातापेक्षा जास्त लागलं. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं होतं आणि त्या गप्प बसण्यापायी या गरीब माणसाच्या हातून भलतंच काही झालं असतं.

त्या संध्याकाळी नणंदेने सुचवलं की स्कूल बंद करावं. वयाचं कारण सांगता येईल, कुणी काही विचारणार नाही.

क्लचबाई ताडकन उठून बसली. “वन्सं, मी काय चोरी केलीय? डोकं माझं फाडलंय आणि तोंड मीच लपवू?”

पुढच्या सोमवारी ती डोक्याला काही न बांधता स्कूलमध्ये गेली. केस बोटभर वाढलेले, त्यांतून व्रण स्पष्ट दिसणारा. लायसन्स तिने स्वतः जाऊन जमा केलं होतं. शिकणाऱ्याशेजारची जागा तिने आपल्या जुन्या सहकाऱ्याला दिली. त्याला सगळे मास्तर म्हणत. स्वतः ती मागे बसली. आवाजात काही फरक पडला नाही; उलट मागून कानातच येत असल्याने तो अधिक जोरात लागतो, अशी तक्रार होती. पहिला धडा मात्र तिने बदलला. शेजारच्या माणसाला फिट आली तर काय करायचं, हे आधी शिकायचं. ती स्वतः जमिनीवर आडवी पडायची आणि प्रत्येकाला आपल्याला कुशीवर वळवायला लावायची. कुणी अवघडून हात लावला, की पडल्या पडल्याच ओरडायची, “मी काचेची नाहीये, नीट धर.”

काही जण सोडून गेले. एक वडील तर मुलीचे पैसे परत मागायलाच आले. फिट येणाऱ्या बाईकडून गाडी शिकायची म्हणजे काय, असं ते सगळ्यांदेखत बोलले.

“माझ्या हातात स्टिअरिंगही नाही आणि ब्रेकही नाही, ते तुम्ही बघताय,” ती म्हणाली. “मला काय होतं ते मी दारातच सांगते. दुसरीकडे पाठवाल, तिथे कुणाला काय होतं ते विचारलंत का?” तिने पैसे मोजून परत दिले आणि वर्ग पुढे चालू केला.

नवऱ्यालाही तिने गाडी शिकायला लावलं, कारण दवाखान्यात न्यायला कुणीतरी हवंच. त्या बिचाऱ्याने गाडी बंद पाडण्याचे सगळे विक्रम मोडले, पण शिकला.

पावसाळी तापात तिला आणखी एकदा झटका आला, भर वर्गात. नणंद डबा घेऊन आलेली होती. शिकणाऱ्यांनी खुर्च्या सरकवल्या, कुणी ओढणीची घडी डोक्याखाली ठेवली, एकाने घड्याळ धरलं. गडबड ऐकून समोरचा किराणा दुकानदार पाण्याचा पेला घेऊन धावत आला, तर नणंद दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. “फिट आहे ही,” ती ठणकावून म्हणाली. “तोंडात काही घालायचं नाही. शुद्धीवर येऊ दे आधी.” दोन मिनिटांच्या आत झटका ओसरला.

डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा वाढवली. त्यानंतर आजवर झटका आलेला नाही. गोळी ती घड्याळ लावून घेते, ताप आला की लगेच कळवते, जागरणाला सरळ नाही म्हणते. लायसन्स परत मिळण्याबद्दल दर खेपेला विचारते. डॉक्टरीणबाई दर खेपेला ‘अजून नाही’ म्हणतात. मग ती पुढच्या खेपेला पुन्हा विचारते.

परवा बँकेच्या रांगेत तिच्या मागे दोन बायका कुजबुजत होत्या. ‘हीच ना ती, जिला फिट येतात?’ एवढं तिच्या कानावर पडलं. नवऱ्याने तिचा दंड धरला. त्याला पुढचं कळलं होतं. ती वळली.

“हो, मीच ती,” ती म्हणाली. “रांग मोठी आहे. तुमच्यापुढे कुणी पडलं तर काय करायचं ते तेवढ्यात सांगून होईल. ती पिशवी जरा खाली ठेवा.”