जोडीची अट

माझ्या खेळातली जोडीची अट मला सुचलेली नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

खेळ साधा आहे. पुठ्ठ्यावर सात ओळींत सात-सात घरं आणि बाटल्यांची निळी-पांढरी बुचं. फासा नाही. परभणीत कचेरीतून घरी आलो की मी त्याचे नियम जुळवत बसायचो. काही केलं तरी पहिली चाल करणाराच जिंकायचा. घरचे कंटाळले, तेव्हा सुटीच्या दिवशी पुठ्ठा घेऊन पालमजवळच्या आमच्या गावी जायला लागलो. तिथं माझा शाळेपासूनचा मित्र होता.

तो आणि वहिनी दरवर्षी ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी वहिनींचं ऑपरेशन झालं, म्हणून दोघंही घरी. मी विचारलं, तू एकटा का नाही गेलास? तो हसला.

“एकट्याला कोण नेतंय, लेका? कोयता म्हंजे नवरा-बायको. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. एकटा म्हंजे अर्धा कोयता. बस घरी.”

मग त्यानं माझं एक बूच बोटानं दाबून धरलं. “हे बी एकटंच हाय. ह्याला कशाला चालू देतूस? शेजारी आपलं माणूस आल्याबिगर हलायचं न्हाई.”

तसं खेळून बघितलं. घाई करणाऱ्याची बुचं सुटी पडून अडकायला लागली. इतके दिवस न सुटलेला खेळ त्या दुपारी सुटला.

पुढं परभणीच्या एका कॉलेजात मी तो खेळ मांडला. मित्रही इस्त्रीचा शर्ट घालून आला, तिसऱ्या रांगेत बसला. एका बाईंनी विचारलं, ही अट कशी सुचली? मी म्हणालो, सुचली एकदा, बसल्या बसल्या. टाळ्या झाल्या. त्यानंही वाजवल्या. बसस्टँडवर चहा घेताना एवढंच म्हणाला, “लय भारी बोललास, साहेब.” त्याआधी त्यानं मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

पुढच्या हंगामात उसाच्या फडातच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

रविवारी मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतो. सुट्या पडलेल्या बुचाला चुकून हात लागला, तर ते कुणी वरून दाबून धरल्यासारखं जड लागतं. मी हात काढून घेतो.

चौदाव्याला वहिनींनी विचारलं होतं, “भाऊजी, ते म्हणायचे, त्या खेळात माझं बी एक हाय. काय हाय हो त्यांचं?”

सोबत खेळायचा ना, म्हणून म्हणत असेल, असं मी म्हणालो. त्या मान हलवून आत गेल्या. नंतर दोनदा सांगायला म्हणून निघालो, आणि पालमच्या स्टँडवरूनच परत फिरलो.

वहिनींना एवढं सांगणं माझ्याकडं बाकी आहे: ती अट त्याची होती, आणि तो समोर बसलेला असताना मी ती माझी म्हणून सांगितली.