पोह्यांऐवजी पॉफर्चेस

माझे धाकटे दीर कंपनीच्या कामासाठी काही महिने हॉलंडला राहून आले, तेव्हापासून त्यांना आपलं काहीच पटेनासं झालं. रोह्याचं पाणी जड, आमच्या वरसे गावचे रस्ते घाण, माझ्या जावेचा चहा उकळलेला. परत येताना सगळ्यांनी चॉकलेटं आणली असती. यांनी उथळ खळग्यांचा बिडाचा तवा आणला.

त्यावर ते पॉफर्चेस करायचे. मैदा आणि कुट्टूचं पीठ दुधात कालवून, यीस्ट घालून फुगवायचं, एकेका खळग्यात थोडं थोडं ओतायचं आणि काट्याने उलटवायचं. वर लोण्याचा गोळा आणि पिठीसाखर. चवीला चांगले लागायचे, खोटं कशाला बोलू? पण लोणी-साखर घातल्यावर वाईट काय लागतं? तिकडे जत्रेत म्हणे याचे तंबू लागतात, तांब्याच्या मोठ्या तव्यांपुढे म्हातारेकोतारे रांग लावतात. हे सांगताना दिरांचा आवाज कीर्तनकारासारखा व्हायचा. कासू गावच्या आत्याबाई एकदा सहज म्हणाल्या, "आप्प्यांवानीच हाय की." त्यावर दिरांनी त्यांना अर्धा तास बसवून फरक समजावला. आत्याबाईंची गाडी चुकली.

पुढे त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, बघायला पेणहून मंडळी येणार होती. मुलाच्या वडिलांची पोह्यांची गिरणी. दिरांनी जाहीर केलं की पोहे करायचे नाहीत, पॉफर्चेस करायचे. जाऊ रडवेली होऊन माझ्याकडे आली. मी दिरांना म्हटलं, "भावजी, गिरणीवाल्याला पोहे नाही द्यायचे, तर काय द्यायचं?" ते म्हणाले, "वहिनी, तुमची दृष्टीच लहान." बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते मी. हॉलंड नकाशात कुठे आहे ते त्यांना मीच दाखवलं होतं.

मंडळी आली. मुलगा गप्प, वडील घामेजलेले, आई पैठणीत ताठ बसलेली. दीर ॲप्रन बांधून ओट्यापाशी. दाराच्या चौकटीतून त्यांचं व्याख्यान बैठकीत ऐकू येत होतं. पहिला घाणा करपला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि तवा तापायला वेळ लागतो असं पाहुण्यांना ओरडून सांगितलं. दुसरा घाणा बशीत आला, त्यावर साखर इतकी की मुलाच्या वडिलांनी तोंडाजवळ नेऊन श्वास सोडला तशी ती बायकोच्या पैठणीवर उडाली. मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी आणायला उठले.

चौकशी सुरू झाली. मुलीचं शिक्षण विचारून झालं, पण ऐकलं कुणी नाही. मग मुलाच्या आई पदरावरची साखर झटकत म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे, पण बश्या वडिलांनी आणायच्या म्हणजे काय? मुलीला पोहे येतात ना?"

पुतणी त्यांच्या समोर खुर्चीत बसली होती. तिने सरळ उत्तर दिलं. "नाय येत."

जावेने डोळे मिटले. दीर काटा हातात घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता हा माणूस तिकडच्या बायका काय करतात ते सांगत बसणार. ते म्हणाले, "तिला करायचे असतील तेव्हा शिकेल. आज तुम्ही तिला भेटायला आलात, परीक्षा घ्यायला नाही."

त्या क्षणी मला ते पहिल्यांदा बरे वाटले. तेवढ्यात त्यांनी मुलाच्या वडिलांकडे वळून विचारलं, "आणखी घ्याल का? दोघांत एक बशी, हॉलंडमध्ये अशीच पद्धत आहे." झालं, पुन्हा होते तसेच.

पेणहून नकार आला. निरोप्याने कारण सांगितलं की मुलगी उद्धट आहे आणि घरात काही वळण नाही. जाऊ आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. दीर मात्र सांगत फिरले की त्या लोकांची जीभच तयार नव्हती. मुलीने दिलेल्या उत्तराचं, स्वतः तिची बाजू घेतल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. नाकारला गेला होता तो पदार्थ, असंच ते धरून चालले.

पुतणीला मी विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, "मोठीआई, मला पोहे चांगले येतात गो. पण त्या बाईंना खायला घालायची इच्छा नव्हती."

पुढे ती पनवेलला नोकरीला लागली आणि तिथल्याच एकाशी तिने लग्न ठरवलं. दोघं वरशाला सांगायला आली तेव्हा दीर कामावर होते. जावेने त्या मुलाला कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली. तो दोनदा मागून खाऊन उठला.