शेजारणीचा वल्हांडण

मावशीला त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मीच नेलं होतं.

रत्नागिरीत आमच्या आळीत मावशी ही एकटीच यहुदी. म्हणजे कोकणातली बेने इस्राएल. नवरा गेला, मुलगा-सून इस्राएलला. आम्ही ख्रिस्ती, भिंतीला भिंत लागून राहणारे. तिच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. वल्हांडण, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटल्याचा त्यांचा सण, जवळ आला की ती घराला चुना काढायची, भांड्यांना कल्हई करून घ्यायची आणि आठ दिवस खमीर घातलेलं काही घरात येऊ द्यायची नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीने गुड फ्रायडेच्या आधी ‘वल्हांडणाचा अर्थ’ असा कार्यक्रम ठेवला. घाटावरून एक उपदेशक येणार होते. महिला मंडळाची सेक्रेटरी मी.

“मावशी, तुझ्या हातची बेखमीर भाकर आणि खजुराचा शिरा देशील? आणि तूही ये. लोकांना खरं बघायला मिळेल.”

“माका कशाला गो? मी काय प्रदर्शनातली?” ती हसली. पण दुपारभर खपून सगळं केलंन, ठेवणीतली साडी नेसून आली. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

उपदेशकांनी तिच्या ताटातली भाकर उचलून सगळ्यांना दाखवली. मिसरातून सुटायच्या रात्री यहुद्यांनी कोकरू कापून त्याचं रक्त दाराला लावलं होतं; ते खरं कोकरू म्हणजे येशू, त्याच्या रक्ताने आपली सुटका झाली, असं ते म्हणाले. इथवर ठीक. तो आमचा विश्वासच आहे. पुढे म्हणाले, “यहुद्यांना मात्र हे कळलंच नाही. आपल्याला गर मिळाला, त्यांच्या हातात टरफल राहिलं. तेच ते अजून चघळतायत.”

मागून कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं. मग चारपाच जण म्हणाले. सगळे मावशीला ओळखणारे. तिच्या अंगणातले जांब खाऊन मोठे झालेले!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून म्हटलं, “ज्यांच्याबद्दल बोलताय त्या समोर बसल्यात. त्यांनाच विचारा ना, त्यांचा सण काय ते.”

“प्रश्न शेवटी घेऊ, ताई.”

“प्रश्न नाही हा,” मी म्हटलं आणि माईक आणून मावशीच्या हातात दिला.

ती बसूनच बोलली. “आमच्यात सांगतात, मिसरातून आपले वाडवडील सुटले असं म्हणायचं नाही. मी सुटले, असं म्हणायचं. दर वर्षी. एवढाच माझा अर्थ. तुमचा येशू पण हीच भाकर मोडून जेवला ना? मी कधी तुमच्या सणाला टरफल म्हटलं नाही.”

उपदेशक हसले आणि हात जोडून म्हणाले, “या आईचे डोळे उघडावेत म्हणून आपण प्रार्थना करू या.”

आणि लोकांनी डोळे मिटले! मी मिटले नाहीत. स्टेजवरून ताट उचललं, मावशीचा दंड धरला आणि बाहेर पडले. रिक्षात ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “तू मंडळीशी वाकडं घेऊ नकोस माझ्यासाठी.”

कमिटीने माझ्याकडे माफीपत्र मागितलं. माफी मी मागायची! मी राजीनामा लिहून दिला. चर्च सोडलं नाही. ते माझ्या बापजाद्यांचं आहे, कुणा पाहुण्याचं नाही. चर्चच्या पाळकांची बायको तेवढी एका संध्याकाळी मावशीकडे जाऊन आली. बाकी कुणाचे पाय तिच्या पायरीला लागले नाहीत.

पुढच्या वल्हांडणाला मावशीने मला जेवायला बोलावलं. मनुकांच्या सरबतात बोट बुडवून ती एकेक थेंब बशीत टाकत होती. सुटकेआधी देवाने मिसरावर आणलेल्या दहा पीडांपैकी प्रत्येक पीडेचा एक थेंब.

“हे कशाला?” मी विचारलं.

“मिसरी लोकांची पोरं मेली ना गो आमच्या सुटकेपायी. मग आपला पेला पुरा भरलेला कसा प्यायचा?”

हे त्या हॉलमध्ये कुणी विचारलंच नाही. मला अजून राग येतो, आणि तो निवावा असं मला मुळीच वाटत नाही.