सुगंधा त्याच दिवशी घरी आली

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. मुलुंड (पूर्व).
सकाळी ६.१५ ला सुगंधा, तिची भाची दिशा आणि मी हॉस्पिटलात. ८.३० ला आत नेले. १०.५० ला बाहेर. उजव्या घोट्याचा झिजलेला सांधा साफ करून हाडे तीन स्क्रूंनी जोडली, असे डॉ. रुचिरा यांनी सांगितले. १ वाजता चहा, दोन बिस्किटे. ३ वाजता वॉकर धरून चार पावले, उजवा पाय अधांतरी. ४.३० ला घरी सोडले. सकाळी नेली आणि संध्याकाळी परत! 'चोवीस तास सोबत राहणारी व्यक्ती' म्हणून माझी सही. ५.१० ला घरी. ५.३० ला गोळी. दिशा कपडे आणायला कांजूरला गेली, उद्या सकाळी येईल.

एवढं लिहून वसुधाबाईंनी पेनाला टोपण लावलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. नवऱ्याच्या, मधुकररावांच्या, साध्या हर्नियाला आठ दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. वसुधाबाईंनी सोळा डबे पोचवले होते, आणि ते सोळाही त्यांच्या त्या वर्षीच्या डायरीत होते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर तारखेविना लिहिलेलं पान परत करत, ती सवय शहात्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. आणि इथे माणसाचं हाड खरवडतात, त्यात स्क्रू पिळतात आणि संध्याकाळच्या चहाला घरी पाठवून देतात!

निघताना डॉ. रुचिरांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं. पोरगेलीच होती डॉक्टर, पण बोलणं रोखठोक. "गुडघ्यामागे इंजेक्शन दिलंय. उद्या सकाळपर्यंत पायाला काही कळणार नाही. दुखत नाही म्हणजे बरा झाला असं समजू नका. सहा आठवडे या पायावर भार नको, एका पावलाचासुद्धा. हाड हललं तर दुसरं ऑपरेशन करावं लागेल, आणि मग चालण्याची खात्री मी देणार नाही."

सुगंधाने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली होती.

सुगंधा परब मालवणजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आली. वडील गिरणीत होते. त्यांच्या ओळखीने तिला मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम लागलं. वसुधाबाईंची मुलगी अनुपमा जन्मली ती तिथेच, १९७९ साली. टाके घातलेल्या वसुधाबाईंना कुशीवर वळवणारी, बेडपॅन देणारी, रडू आलं की "वैनी, पोरगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे, बघा कशी झोपलीय," म्हणणारी ती सुगंधाच. प्रसूतिगृह बंद पडलं तेव्हा तिची तिथे बत्तीस वर्षं झाली होती. मग ती घरोघर बाळंतिणींना तेल लावायला जाऊ लागली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "इतकी बाळंतपणं बघितली की हौस फिटते."

घोटा मोडला तो त्याच प्रसूतिगृहात, ओल्या फरशीवर. कुणाकडून तरी पट्टी बांधून घेऊन ती नवव्या दिवशी कामावर हजर झाली. हाड वाकडं जुळलं. पुढची सत्तावीस वर्षं ती त्या पायावर मुलुंड-भांडुपचे जिने चढली. यंदा मात्र गणपतीनंतर पाय टेकवेना. सुगंधाचं घर कांजूरमार्गच्या चाळीत. संडास सार्वजनिक, वीस पायऱ्या खाली. तेव्हा वसुधाबाई म्हणाल्या, "तीन दिवस माझ्याकडे राहा. मग बघू."

पेन ठेवून त्या आतल्या खोलीत आल्या. सुगंधा तीन उशांवर पाय ठेवून छताकडे बघत होती.

"वैनी, मला वाटतं या लोकांनी काही केलंच नाही."

"म्हणजे?"

"नुसतं प्लास्टर घालून पाठवलंय. दुखत नाही, खुपत नाही. आमच्याकडे सिझेरियनची बाई सातव्या दिवशी उठायची. मी उठवायचे! हे कसलं मोठं ऑपरेशन?"

"डॉक्टर काय म्हणाली ते विसरलीस?"

"ऐकलं हो. पण पायाने पण काहीतरी म्हणायला पाहिजे ना."

वसुधाबाई हसल्या. वाकून त्यांनी पलंगाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा बेडपॅन काढून दाखवला. "हे इथे आहे. लागलं की हाक मार."

सुगंधाचा चेहरा एकदम बदलला. "ते तेवढं माळ्यावर टाका."

"अगं, पण..."

"वैनी, टाका म्हणते ना."

थट्टाच असेल, असं धरून वसुधाबाईंनी ते भांडं होतं तिथे सरकवलं. "पाणी देऊ?" त्यांनी विचारलं. नको म्हणाली. "लिंबू सरबत?" तेही नको. सहा वाजून गेले होते. त्या देवापाशी दिवा लावायला गेल्या. काडी पेटली आणि आतून धप्पकन आवाज आला. मग वॉकर पडल्याचा खणखणाट.

वसुधाबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा कुठे त्यांना कळलं, की आपण नुसत्याच उभ्या आहोत.

सुगंधा बाथरूमच्या दारात आडवी पडली होती. डावा गुडघा मुडपलेला, डावा हात अंगाखाली आणि प्लास्टरचा पाय उंबऱ्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा पडलेला. गाऊन भिजला होता. फरशीही.

"आत येऊ नका, वैनी," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "एक फडकं द्या फक्त. मी पुसते."

"पुसते? सुगंधा, तू या पायावर उभी राहिलीस?"

"वॉकर होता. पण दोन पावलं राहिली आणि पाय आपोआप टेकला. आवशीक खाव त्याच्या, माका कळलाच नाय कधी टेकलो तो." इतक्या वर्षांत वसुधाबाईंनी तिच्या तोंडून मालवणी क्वचितच ऐकली होती. "फडकं द्या ना."

वसुधाबाई तशाच शेजारची बेल वाजवायला गेल्या. आपण सही केली होती. चोवीस तासांतले दोन तासही पुरे झाले नव्हते.

शेजारचा राजेश नुकताच ऑफिसातून आला होता. त्याने सुगंधाला उचललं, पण त्याआधी तिने "थांब रे" म्हणून वसुधाबाईंकडून चादर मागून घेतली आणि स्वतःला कंबरेपासून घट्ट गुंडाळलं. गाडीत वसुधाबाई तिच्या प्लास्टरबाहेरच्या बोटांना हात लावून बघत होत्या. बोटं गरम होती, पण सुगंधाला तो स्पर्श कळत नव्हता.

हॉस्पिटलात एक्स-रे काढून होईपर्यंत डॉ. रुचिरा वरून खाली आल्या. त्यांनी आल्या आल्या सुगंधालाच विचारलं, "चार वाजता सिस्टरने विचारलं तेव्हा लघवी झाली म्हणालात ना?"

सुगंधाने चादर आणखी घट्ट ओढली.

"झाली होती का?"

"नाही."

"मग 'झाली' असं का म्हणालात?"

"झाली म्हटल्याशिवाय सोडत नाहीत." सुगंधाने मान वर केली. "मी बत्तीस वर्षं बायकांना हेच विचारलंय, बाई. काय उत्तर दिलं की सिस्टर पुढे जाते, ते मला नको सांगायला."

डॉ. रुचिरांनी फाइलमधल्या चारच्या नोंदीवर फुली मारली. वसुधाबाईंना तर पडल्याच्या आवाजापेक्षा हा धक्का मोठा होता. दिवसभराची एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. एकला चहा, तोही अर्धाच. गोळीपुरतं एक घोट पाणी. सरबत नको. आपण मिनिटामिनिटाची नोंद केली आणि ही बाई सकाळपासून काय धरून बसलीय, ते आपल्याला दिसलं नाही.

"माझ्याकडून बेडपॅन घ्यायचा नाही म्हणून?" त्यांनी विचारलं. "एवढ्यासाठी पाय घालवत होतीस?"

"तुमच्या हातून कसं घेऊ, वैनी?"

"मी नव्हता घेतला तुझ्या हातून?"

"ते माझं काम होतं."

"आणि हे माझं नाही? सही कुणाची आहे त्या कागदावर?" वसुधाबाईंचा आवाज चढला तशी दारातली नर्स वळून बघायला लागली. "तुला आवडो न आवडो, सही माझी आहे!"

तेवढ्यात पडद्यावर एक्स-रे आला. राखाडी हाडात तीन पांढरे स्क्रू तिरके गेलेले. वसुधाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं, की या पायात सकाळी खरोखर काय केलं होतं. सुगंधाही बघत होती, तोंड किंचित उघडं.

"एवढे लांब?" ती पुटपुटली. "म्हणजे केलं यांनी."

डॉ. रुचिरा बराच वेळ पडद्याजवळ वाकून बघत राहिल्या. दोन वेळा सकाळचा फोटो लावला, दोन वेळा आताचा.

"हलले नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही डाव्या अंगावर पडलात म्हणून. प्लास्टर टाचेकडे तडकलंय, ते बदलते. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. तीन दिवसांनी कुठे राहणार आहात?"

"कांजूरला. आमच्या घरी."

"संडास?"

सुगंधाने वीस पायऱ्यांचं सांगायला तोंड उघडलं, पण वसुधाबाई मध्येच बोलल्या. "ती कुठे जात नाही. सहा आठवडे माझ्याकडेच."

"वैनी..."

"गप."

राजेशने सव्वाआठला दोघींना घरी आणून सोडलं. तिन्ही उशा पुन्हा रचून झाल्यावर सुगंधाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "ते भांडं द्या. आणि तिकडे बघा."

वसुधाबाईंनी दिलं.

"अहो, उलटं धरलंय. निमुळती बाजू पायांकडे. आधी कूस वळवायची, मग सरकवायचं. कॉन्व्हेंटात हे नाही शिकवलं?"

"नाही शिकवलं. तू शिकव."

"शिकवते. पण खिडकीकडे बघत करा."

वसुधाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. भांडं मात्र त्यांनी दोन्ही हातांनी नीट धरलं होतं.

नऊला दहा कमी असताना त्यांनी वही पुन्हा उघडली. पडल्याची वेळ लिहिली, ६.२०. एक्स-रेची लिहिली. नव्या प्लास्टरची, पुढच्या गोळीची. मग सुगंधाने अर्धा तांब्या पाणी प्यायलं, तेही लिहिलं. खाली शेवटची ओळ लिहिली आणि दूधवाल्याला फोन करायला उठल्या.

उद्यापासून दूध अर्ध्याऐवजी एक लिटर.