अकराव्या बाटलीची नोंद

आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांना सगळे रजिस्टरकाका म्हणत. ओव्हनमध्ये बाटली ठेवली की नोंद, काढली की नोंद. चौतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. त्यांचं लिहिणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काका शिंकले तरी वेळ टिपतील, अशी आम्ही थट्टा करायचो.

माझी पीएचडी त्या ओव्हनवरच अडली होती. धातूचा क्षार आणि सेंद्रिय आम्ल बाटलीत शिजवलं, की तळाशी पांढरी पावडर बसते. तिच्या कणाकणात न दिसणारी भोकं असतात. भोकांत पाणी धरून राहतं आणि त्या पाण्यातून प्रोटॉन पुढे सरकतात. ते भरभर सरकले, तर त्या पावडरीचा हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलसाठी पडदा करता येतो. दहा बाटल्या वाया गेल्या. अकरावीच्या वेळी मी बाहेरगावी होते; परतल्यावर पावडर कपाटात मिळाली. तिच्यातले प्रोटॉन असे धावले, की सरांनी आधी मीटरवरच संशय घेतला. मीटर ठीक होता.

परीक्षक म्हणाले, पुन्हा करून दाखवा. मग दीड वर्षात एकवीस बाटल्या झाल्या, सगळ्या रजिस्टरबरहुकूम: सोमवारी ठेवली, गुरुवारी काढली, बहात्तर तास. एकही तशी निघेना. सरांनी हात टेकले. माझ्या शिष्यवृत्तीचे पाच दिवस उरले.

त्याच दिवशी काका निवृत्त झाले. हार-भाषणं आटोपून सगळे पांगल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"पोरी, अकराव्या बाटलीच्या गुरुवारी मी इथं नव्हतोच. बुधवारी हिला दवाखान्यात नेलं. परत आलो, तर रजिस्टरात कोरी ओळ. बघवेना मला. गुरुवार लिहून टाकला."

मी ताडकन उठले. "मग बाटली काढली कधी?"

"ही गेल्यावर."

"म्हणजे किती दिवसांनी, काका? ओव्हन चालू होता की बंद?"

"तेच तर आठवत नाही गं. रोज आठवून बघतो. त्या दिवसांतलं फक्त हिचे पाय गार पडले होते, तेवढं आठवतं."

मला भांडायचं होतं. मी रजिस्टर उघडलं. अकरावी ओळ, सुवाच्य अक्षर: गुरुवार, सकाळी दहा.

काकांनी खिशातलं पेन काढलं. "खोडू का?"

"राहू द्या," मी म्हणाले. खोडून तिथं काय लिहायचं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.