चौकीदाराच्या पायरीवरची खूण

“मॅडम, चार बोटं उतार कुठं गेला?” शेख साहेब म्हणाले. ते आमचे साइट इनचार्ज.

हर्सूलच्या बाजूला एका वसाहतीची ड्रेनेज लाइन होती. ड्रेनेजला पंप नसतो, पाणी नुसत्या उतारावर वाहतं. आमच्या लाइनला वरच्या टोकापासून नाल्यापर्यंत जेमतेम दीड वीत उतार होता. उन्हाळ्यात पाइप माझ्या देखरेखीखाली टाकला गेला. पावसाळा सरल्यावर शेवटचं चेकिंग केलं, तर वरचं टोक चार बोटं खाली दिसायला लागलं.

“पाइप धसलाय,” शेख साहेब म्हणाले. “जेसीबी सांगितलाय. उकरा और फिरसे डालो.”

“सर, बादलीभर पाणी ओतून बघू या.”

“पाणी आज जाईल हो. कमी उतारात गाळ बसणार, दोन वर्षांत लाइन तुंबणार. तब लोग किसका नाम लेंगे?”

नाव माझं निघणार होतं. स्वतंत्रपणे मिळालेली ही माझी पहिली लाइन. आमच्या घराण्यात बारावीपुढं गेलेली मी पहिली, इंजिनिअर तर पहिलीच. हे मी कुणी न विचारताही सांगते. कोपऱ्यावरच्या घरातल्या मंगलबाई गेटातूनच म्हणाल्या, “काय मॅडम, पाणी नाल्यात जाणार का परत आमच्या मोरीत?” दर पावसाळ्यात त्यांच्या मोरीत घाण वर यायची.

मी उंची मोजायचं मशीन पुन्हा लावलं. आमचे कचरूभाऊ लांब पट्टी उभी धरतात आणि मी दुर्बिणीतून आकडा वाचते. आकडा तोच. तिसऱ्यांदा लावलं, तरी तोच.

“मॅडम, पट्टी नाय हालली बरं का,” कचरूभाऊ म्हणाले. “तुमचे हात हालायलेत.”

मी बाजूला जाऊन गंगापूरला आईला फोन लावला. “आई, प्रार्थना कर. आज देव लई लांब गेल्यासारखा वाटतोय.”

“कशावरून?”

“जीव घाबरा झालाय.”

“मग जीव हाललाय, देव कशाला हालंल? तुझा जीव सकाळी एक, संध्याकाळी एक. त्याच्यावरून देवाचं अंतर मोजती व्हय? दहावीच्या निकालाला बी हेच म्हणली होतीस. तवा होता तसाच तो आज हाय. जेवलीस का?”

मी तिथंच डोळे मिटले. प्रभू, मी घाबरले तरी तू तोच आहेस, एवढंच म्हणाले. उतार सापडला नव्हता, जेसीबी वाटेत होता. पण हात थांबले. लोक म्हणतील योगायोग. म्हणू द्या. हात माझे होते.

जेवणाचा डबा चौकीदाराच्या खोलीत होता. दार उघडेना. कचरूभाऊंनी नेहमीसारखी लाथ घातली. “पावसाळ्यापासून अडकायलंय हे.”

मी दाराकडं बघितलं, मग पायरीकडं. पायरीवर लाल रंगाची खूण होती. ज्या जागेची उंची पक्की ठाऊक असते, तिला आम्ही बेंचमार्क म्हणतो. बाकी सगळं त्यावरून मोजायचं. खरा बेंचमार्क खाली नाल्याकाठच्या खडकात कोरलेला. तिथून गल्ल्यागल्ल्यांतून मशीन वर आणायचा ताप, म्हणून आधीच्या टीमनं वरच्या टोकासाठी ही पायरी धरली होती; नाल्याकडचं टोक तेवढं खडकावरून मोजायचे. आणि पायरी होती काळ्या मातीवर. काळी माती पाण्यानं फुगते. खोली वर आली, दार अडकलं. खूणही वर आली, म्हणून तिच्यावरून मोजलेलं सगळं खाली दिसत होतं. पाइप तर खोल मुरमात होता.

“सर, जेसीबी थांबवा. मला एक तास द्या.”

“एक तास में क्या होगा?”

“खडकावरून मोजते.”

शेख साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग नुकत्याच पोचलेल्या जेसीबीच्या ड्रायव्हरला म्हणाले, “चाय पी के आ.”

डबा तसाच राहिला. खडकावर पट्टी, मशीन पुढं. पट्टी पुढं, मशीन पुढं. मंगलबाईंची स्कूटी गल्लीत आडवी होती, ती त्यांनीच हलवली आणि मागं मागं येऊ लागल्या. वरच्या चेंबरमध्ये कचरूभाऊंनी पट्टी उतरवली. मी आकडा वाचला, हिशेब केला, पुन्हा केला. चारही बोटं जागेवर होती.

शेख साहेबांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. “जेसीबी को वापस भेजो,” म्हणाले.

मंगलबाईंकडं बादलीभर पाणी मागितलं, तर त्या त्यात हळद कालवूनच आल्या. बादली वरच्या चेंबरमध्ये ओतली आणि साडीचा ओचा धरून नाल्याकडं पळाल्या. मीही पळाले, हेल्मेट हातात घेऊन. पाइपाच्या तोंडातून पिवळी धार आली तेव्हा मी मोठ्यानं हालेलुया म्हणाले. इंजिनिअरनं साइटवर असं ओरडू नये. मी ओरडले.

हिवाळ्यात माती सुकली, खोली खाली बसली, दार नीट लागायला लागलं. पायरी पुन्हा बरोबर आकडा देते म्हणून कचरूभाऊंना ती वापरायची होती. मी खूण घासून काढली. जी आज खाली बसली, ती पुढच्या पावसात वर येणारच.