नागपूरच्या कोर्टात ‘जाऊन राह्यलो’

शेगाव स्टेशनवर तुळशीराम माळी दोन म्हातारे साक्षीदार घेऊन उभे होते. नागपूरची गाडी यायची होती.

“यांना कशाला आणलंत?” मी विचारलं.

“सांगतीन ना जज सायबाले. वाट जुनी हाये म्हून.”

मी खामगावचा वकील. हायकोर्ट साक्षीदार ऐकत नाही, हे पक्षकारांना समजावण्यात माझी निम्मी वकिली गेली. साक्षी होतात खालच्या दिवाणी कोर्टात. पहिलं अपील जिल्हा कोर्टात. तिथे त्याच साक्षी पुन्हा वाचून तोलतात. दुसरं अपील नागपूरला. तिथे फक्त कायद्याची चूक दाखवायची.

म्हातारे परत गेले. तुळशीराम मात्र गाडीत चढले.

सोनाळ्याला त्यांचा भाजीचा मळा. मळ्याची गाडवाट शेजारच्या पाटलांच्या शेतातून. पाटलांनी ती काट्या लावून बंद केली. वांगी, मिरची डोक्यावर वाहून तुळशीरामांच्या बायकोला मानेचं दुखणं जडलं. दिवाणी कोर्टात ते जिंकले, जिल्हा कोर्टात हरले. तेही स्वतःच्याच साक्षीवर.

“पाटलाच्या वावरात मी लहानपणापासून जाऊन राह्यलो,” असं ते बोलले होते. वऱ्हाडात याचा अर्थ ‘जात आलोय’. जिल्हा जज वऱ्हाडाबाहेरून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी अर्थ लावला, हा माणूस पाटलांच्या शेतात जाऊन राहत होता. वर्षानुवर्षं परवानगीशिवाय वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होतो; पण राहणाऱ्याला मालक येऊ-जाऊ देतो ती मेहरबानी, आणि मेहरबानीतून वाटेचा हक्क होत नाही. कायदा बरोबर होता. वाक्य चुकलं होतं.

नागपूरला मी तेवढंच मांडलं. पाटलांचे वकील लगेच उठले. “मायलॉर्ड, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. दुसऱ्या अपिलात चालत नाही.”

जजसाहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी इंग्रजी भाषांतर बाजूला सारलं.

“आपण कुठले?” त्यांनी पाटलांच्या वकिलांना विचारलं.

“अकोल्याचा, मायलॉर्ड.”

“मग या मूळ वाक्याचा अर्थ आपणच सांगा.”

वकीलसाहेबांनी एकवार कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जात आलो आहे,” ते म्हणाले. “राहण्याचा संबंध नाही.”

साक्ष चुकीची वाचून काढलेला निष्कर्ष कायद्यात टिकत नाही, असं म्हणून कोर्टाने केस फेरसुनावणीला जिल्हा कोर्टाकडे परत पाठवली.

बाहेर तुळशीरामांनी विचारलं, “जितलो का, सायेब?”

“अजून नाही. जिल्हा कोर्टात पुन्हा चालेल.”

“मंग इतक्या दुरून काऊन आलो?”

“त्यांनी नीट वाचावं म्हणून.”

त्यांना ते पटलं नाही. फेरसुनावणीत मात्र निकाल त्यांच्या बाजूने लागला. पाटलांनी काट्या काढल्या आणि बैलगाडी मळ्यापर्यंत गेली.

तेव्हापासून साक्षीत कुणी ‘राह्यलो’ म्हणालं की मी लगेच उठतो. “म्हणजे जात आलात, राहत नव्हता ना?” खालचे जज वैतागतात. वैतागू द्यावं. वरच्या कोर्टात माणूस बोलत नाही, त्याचा कागद बोलतो.